पाणदिवडीची जीभ आणि उंदराचा माग : प्रकल्प नोंदी

१८ जून २०२५

यंदाच्या क्षेत्रीय प्रकल्पाचा विषय आज बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसमवेत निश्चित केला. साप आपले भक्ष्य रासायनिक संवेदनेच्या आधाराने कसे शोधतो, आणि त्या शोधातील कोणता भाग आपल्याला सापाला हात न लावता निव्वळ निरीक्षणातून नोंदवता येतो, एवढाच प्रश्न आम्ही घेतला आहे. विषय मोठा असला तरी आमच्याजवळची साधने थोडी आहेत, म्हणून प्रश्न मुद्दाम लहान ठेवला.

जिंतूर तालुक्यात पूर्णेच्या खोऱ्यातील दोन जागा निवडल्या आहेत. पहिली जागा एका शेतकऱ्याचे जुने शेततळे आहे. त्याचे प्लास्टिकचे अस्तर एका कोपऱ्यात फाटलेले असून तेथे लव्हाळा माजला आहे, बेडकांची वस्ती आहे आणि पाणदिवड तेथे नेहमी दिसते. दुसरी जागा त्याच शेतातला आखाडा, म्हणजे गोठा, कडब्याची गंजी आणि धान्य ठेवण्याची पत्र्याची खोली. येथे उंदीर व घुशींचा सुळसुळाट आहे आणि शेतमालक मामांच्या सांगण्यानुसार एक मोठी धामण दिवसाउजेडी गंजीखालून ये-जा करते.

कामाचे नियम पहिल्याच दिवशी लिहून काढले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षण आहे, त्यामुळे साप पकडणे, पेटीत ठेवणे, त्याला डिवचून जीभ बाहेर काढायला लावणे यांपैकी काहीही होणार नाही. निरीक्षण दुरून होईल. नाग, घोणस, मण्यार किंवा फुरसे दिसल्यास त्या दिवसाचे काम तेथेच थांबेल आणि सर्वजण मागे फिरतील. गुडघ्यापर्यंतचे बूट घातल्याशिवाय कोणीही लव्हाळ्याकडे जाणार नाही.

विषय निवडण्यामागे माझे स्वतःचे एक कारण आहे आणि तेही येथे नोंदवतो. आमच्या भागात साप दिसला की माणसाची नजर पहिल्यांदा त्याच्या लपलपणाऱ्या जिभेकडे जाते, आणि ती जीभ म्हणजेच विषाचा काटा असे मानणारी शिकलेली माणसेही मला भेटली आहेत. जिभेत विष नसते आणि जीभ टोचत नाही. तिचे खरे काम इतके विलक्षण आहे की ते मुलांनी प्रत्यक्ष पाहावे, असे मला फार दिवसांपासून वाटत होते.

२७ जून २०२५

आजचा दिवस वाचनात आणि आकृत्या काढण्यात गेला, कारण शरीररचना समजल्याखेरीज क्षेत्रात नेमके काय पाहायचे हे ठरत नाही.

सापाच्या वरच्या ओठाला समोर एक लहान खाच असते, त्यामुळे जबडा न उघडता जीभ बाहेर येऊ शकते. जिभेवर चवीच्या कलिका जवळजवळ नसतातच. ती हवेतले, पाण्यातले किंवा जमिनीवरचे रेणू आपल्या ओलसर पृष्ठभागावर उचलून तोंडात आणते, आणि तिचे काम तेथे संपते. पुढचे काम टाळूमधल्या इंद्रियांचे असते. टाळूला पुढच्या भागात दोन सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांच्यावर, नाकाच्या पोकळीपासून स्वतंत्र अशी, रासायनिक संवेदनेची दोन इंद्रिये असतात. डेन्मार्कचे शल्यचिकित्सक लुडविग लेव्हिन जेकबसन यांनी १८१३ मध्ये सस्तन प्राण्यांतील या इंद्रियाचे वर्णन केले, म्हणून त्याला जेकबसनचे इंद्रिय म्हणतात. अनेक सस्तन प्राण्यांत ते असतेच, परंतु सापांमध्ये त्याची जी वाढ झाली आहे तिला तोड नाही.

जुन्या पुस्तकांत साप जिभेची दोन टोके थेट त्या छिद्रांत खुपसतो असे लिहिलेले आढळते, आणि आमच्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी शाळेत तसेच वाचले होते. क्ष-किरणांच्या साहाय्याने तोंडाच्या आतली हालचाल चित्रित केली गेली तेव्हा टोके छिद्रांत जाताना दिसली नाहीत. आत आलेली जीभ सरळ आपल्या म्यानात जाते, त्याच वेळी तोंडाच्या तळाशी असलेल्या दोन मऊ गाद्या वर उचलल्या जाऊन टाळूला टेकतात, आणि जिभेवरून उतरलेले रेणू छिद्रांपर्यंत पोहोचतात, असा खुलासा आता अधिक ग्राह्य मानला जातो.

सापाला नाकानेही वास येतो, मग हा दुसरा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न एका विद्यार्थिनीने विचारला. त्याचे उत्तर जॉन कुबी आणि मिमी हाल्पर्न यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेत केलेल्या प्रयोगांतून मिळते. त्यांनी गार्टर जातीच्या सापांना गांडुळाच्या अर्काने आखलेल्या रेषेचा माग काढायला शिकवले. नाकाकडून मेंदूकडे जाणारे मज्जातंतू तोडल्यावरही साप माग काढत राहिले, मात्र जेकबसनच्या इंद्रियाकडून जाणारे तंतू तोडल्यावर त्यांना माग काढता येईना आणि ते भक्ष्यावर हल्लाही करीनात. नाकाचा उपयोग नाही असा याचा अर्थ होत नाही. दुरून आलेला वास नाकाला जाणवला की साप जीभ अधिक वेळा बाहेर काढू लागतो, म्हणजे नाक जागे करते आणि जीभ तपास करते, अशी कामाची विभागणी त्यातून दिसते.

येथे रसायनशास्त्राचा एक मुद्दा महत्त्वाचा आहे आणि त्यावर वर्गात बराच वेळ थांबलो. नाकापर्यंत पोहोचायचे तर रेणूला हवेत उडावे लागते, म्हणजे तो हलका हवा. जिभेने रेणू प्रत्यक्ष उचलून नेल्यामुळे जे कधीच हवेत उडणार नाहीत असे जड रेणूही जेकबसनच्या इंद्रियाला मिळतात. हाल्पर्न यांच्याच प्रयोगशाळेने १९९० मध्ये गांडुळाच्या स्रावातून सापाला आकर्षून घेणारे एक प्रथिन वेगळे केले, त्याचा रेणूभार सुमारे २० किलोडाल्टन होता. एवढ्या जड प्रथिनाचा वास माणसाच्या नाकाला येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. या इंद्रियातील ग्राही रेणूंचे, म्हणजे आलेला रेणू ओळखणाऱ्या रिसेप्टरांचे, दोन मोठे गट आहेत. सस्तन प्राण्यांत पहिल्या गटाचा विस्तार झालेला दिसतो, तर सापांत पहिला गट अगदी तुटपुंजा असून दुसरा गट प्रचंड विस्तारलेला आहे, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. दुसऱ्या गटातील ग्राही हे प्रथिनांसारखे पाण्यात विरघळणारे रेणू ओळखतात. गांडूळ, बेडूक, मासा यांच्या कातडीवरचा चिकट स्राव हा सापाच्या दृष्टीने एवढा बोलका का असावा, याचा उलगडा येथे होतो.

१२ जुलै २०२५

शेततळ्यावरची निरीक्षणे सुरू झाली. मोबाइल तिपाईवर लावून सेकंदाला २४० चौकटींच्या गतीने चित्रण केले आणि ते नंतर संथ गतीने पाहिले. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून काठावरच्या काठीला सुती धागा बांधून ठेवला आहे.

उन्हाला स्वस्थ पडलेली पाणदिवड जीभ क्वचितच बाहेर काढते, आणि काढली तरी ती खाली झुकवून एकदाच झटकन आत घेते. तीच काठाने सरकू लागली की जीभ लांब बाहेर येते, वर-खाली अनेकदा हलते आणि दोन्ही टोके एकमेकांपासून चांगलीच फाकतात. तिसरा प्रकार आम्हाला लव्हाळ्याच्या कडेला दिसला. तेथे टोके ओल्या चिखलाला किंवा पाण्याच्या पृष्ठभागाला अलगद टेकतात आणि जीभ फारशी न हलवता आत जाते. हे तीन प्रकार आम्ही नोंदवहीत 'झटका', 'हेलकावा' आणि 'टेकणे' या नावांनी लिहिणार आहोत, जेणेकरून कोणीही नोंद घेतली तरी शब्द तेच राहतील.

हेलकाव्याचा अर्थ समजून घेण्यासाठी बिल रायरसन आणि कर्ट श्वेन्क यांचे काम विद्यार्थ्यांना समजावले. हवेत तरंगणारे सूक्ष्म कण लेझरच्या प्रकाशात चित्रित करून त्यांनी जिभेभोवतीची हवा कशी वाहते ते पाहिले. सापाची वर-खाली हलणारी जीभ आपल्या बाजूंना हवेचे लहान भोवरे तयार करते आणि ते भोवरे आजूबाजूची हवा जिभेकडे ओढून घेतात. यामुळे जीभ जेथपर्यंत पोहोचते त्याच्याही पलीकडचे रेणू तिच्यावर येऊन बसू शकतात. अनेक सरडे जीभ नुसती बाहेर काढून जमिनीला लावतात. हवेतील वास गोळा करण्याचे हे कसब सापांकडे विशेष विकसित झाले आहे.

एक निरीक्षण वेगळे लिहून ठेवतो, कारण ते आमच्या विषयाची मर्यादा दाखवते. एका ठिकाणी पाण्यात उडी मारणाऱ्या बेडकावर पाणदिवडीने थेट झेप घेतली आणि त्याआधी जीभ बाहेर काढलेली चित्रणात दिसत नाही. बेडूक निसटला. त्यानंतर मात्र तो ज्या दगडावर बसला होता त्या दगडाला तिने जिभेची टोके पुन्हा पुन्हा टेकवली, दगडाच्या दोन्ही बाजूंना डोके वळवले आणि मगच ती पाण्यात उतरली. हलते भक्ष्य डोळ्यांनी टिपणे आणि न दिसणारे भक्ष्य जिभेने शोधणे ही दोन्ही कामे एकच साप एकाच मिनिटात करतो, आणि 'साप केवळ जिभेने शिकार करतो' असे विधान आमच्या अहवालात येता कामा नये.

२९ जुलै २०२५

आज नागपंचमी. आमच्याकडे आज नांगर धरीत नाहीत, जमीन खणत नाहीत, भाजी चिरीत नाहीत, आणि बायका वारुळाला जाऊन लाह्या-फुटाणे वाहतात. विद्यार्थिनींपैकी काही जणी घरच्यांबरोबर वारुळाला गेल्या होत्या. त्यांनी तेथे ऐकलेल्या समजुती टिपून आणल्या, आणि त्यांतील दोन आमच्या विषयाशी इतक्या जवळच्या आहेत की त्यांची दखल घेणे भाग आहे.

पहिली समजूत डूख धरण्याची. नागाला मारले की त्याची जोडीदारीण मारणाऱ्याचा शोध घेत येते, असे गावोगाव सांगतात. विशिष्ट माणसाचा चेहरा लक्षात ठेवून सूड उगवण्याइतकी सापाच्या मेंदूची घडण नाही, हे आम्ही सांगू शकतो. परंतु मारलेल्या सापाजवळ दुसरा साप आल्याचे लोकांनी कधी पाहिलेच नसेल असे म्हणून ही गोष्ट उडवून लावणे मला योग्य वाटत नाही. मादी सापाच्या कातडीतून जे स्निग्ध पदार्थ निघतात ते नरासाठी मागाचे काम करतात. गार्टर सापाच्या मादीच्या कातडीवरील असे पदार्थ मिथाइल कीटोन वर्गातील असल्याचे रॉबर्ट मेसन आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवून दिले. मिलनाच्या हंगामात मादी मारली गेली आणि तिचा माग अंगणात तसाच राहिला, तर त्या मागावरून नर येणे शक्य आहे. तो आला तर मादीच्या गंधामुळे येईल, आणि त्या अंगणातल्या माणसाशी त्याचे काही देणेघेणे नसेल. हा खुलासा मुलींनी घरी सांगितला तेव्हा एका आजींनी तो शांतपणे ऐकून घेतला व 'मग मारायचंच कशाला' एवढेच विचारले.

दुसरी समजूत केवड्याची, म्हणजे केवड्याच्या सुगंधाला नाग भुलतो ही. सापाच्या रासायनिक संवेदनेचा रोख भक्ष्य, जोडीदार आणि शत्रू यांच्याकडे असतो. केवड्याच्या दाट बनात गारवा, आडोसा आणि तेथे राहणारे उंदीर-बेडूक मिळतात, आणि साप तेथे दिसण्याचे कारण यातच शोधायला हवे.

९ ऑगस्ट २०२५

जीभ दुभंगलेली का असते, या प्रश्नावर आज दिवसभर चर्चा झाली, आणि मला वाटते प्रकल्पाचा गाभा येथेच आहे.

जुन्या विद्वानांनीही यावर विचार केला होता. ॲरिस्टॉटलला वाटले की दोन टोकांमुळे सापाला चवीचा आनंद दुप्पट मिळतो. सतराव्या शतकातील इटलीतील होदिएर्ना यांना वाटले की जमिनीवर सरपटणारा साप जिभेने आपल्या नाकातील धूळ साफ करतो. कर्ट श्वेन्क यांनी १९९४ मध्ये मांडलेले स्पष्टीकरण वेगळे आहे. दोन टोके फाकल्यामुळे साप एकाच क्षणी दोन वेगळ्या बिंदूंवरचे रेणू उचलतो. डावीकडचा नमुना डाव्या इंद्रियाकडे आणि उजवीकडचा उजव्या इंद्रियाकडे पोहोचतो, आणि दोन्हींची तुलना करून गंध कोणत्या बाजूला दाट आहे हे त्याला समजते. अंधाऱ्या बोळात दोन्ही हात दोन्ही भिंतींना लावून चालणाऱ्या माणसाला जसा बोळ कोठे वळतो ते कळते, तसे काहीसे हे आहे. एक टोक मागावर आणि दुसरे मागाच्या बाहेर पडले की सापाने कोणत्या बाजूला वळायचे हे लगेच ठरते. जे सरडे दूरवर फिरून भक्ष्य धुंडाळतात त्यांच्या जिभा अधिक खोलवर दुभंगलेल्या असतात, आणि घोरपडीची जीभ हे त्याचे आपल्या ओळखीचे उदाहरण आहे.

माग सापडला तरी भक्ष्य किंवा जोडीदार त्यावरून कोणत्या दिशेने गेला हा प्रश्न उरतोच. नील फोर्ड आणि सहकारी लो यांनी १९८४ मध्ये गार्टर सापांवर केलेला प्रयोग मला या संदर्भात फार आवडतो. सरपटताना साप वाटेतल्या गवताच्या काड्यांना, खड्यांना एका विशिष्ट बाजूने रेटा देऊन पुढे जातो, म्हणून त्याच्या अंगाचा गंध त्या वस्तूंच्या एकाच बाजूला लागतो. मागून येणारा नर अशा उभ्या खुंट्यांच्या बाजू जिभेने तपासून मादी कोणत्या दिशेने गेली ते ओळखतो. आम्ही शेततळ्याच्या काठावर लव्हाळ्याच्या काड्यांजवळ टेकणे या प्रकारची जी हालचाल पाहिली, तिच्याकडे आता अधिक बारकाईने पाहायला हवे.

विद्यार्थ्यांना हे पटकन पटले, त्यामुळे विरोधी पुरावाही त्यांच्यासमोर ठेवला. खुळखुळ्या सापांवर (रॅटलस्नेक, म्हणजे शेपटी खुळखुळवणारे अमेरिकेतील विषारी साप) २००८ मध्ये झालेल्या एका प्रयोगात एकाच बाजूच्या जेकबसन इंद्रियाचे तंतू निकामी केल्यानंतरही साप भक्ष्याचा माग काढू शकले. म्हणजे दोन बाजूंची तुलना हा माग काढण्याचा एकमेव मार्ग नसावा. डोके हलवत एका मागून एक घेतलेल्या नमुन्यांची तुलना करूनही माग धरता येत असावा. दुभंगलेल्या जिभेचे स्पष्टीकरण सुंदर आहे म्हणून ते प्रत्येक सापाला आणि प्रत्येक प्रसंगाला लागू होईल असे गृहीत धरता येत नाही.

दुपारी महाविद्यालयाच्या मैदानावर याच तत्त्वाचा माणसांवरचा प्रयोग करून पाहिला. बर्कली येथील जेस पोर्टर, नोम सोबेल आणि सहकाऱ्यांनी गवतावर चॉकलेटच्या अर्कात भिजवलेली दहा मीटरची दोरी टाकून, डोळे बांधलेल्या माणसांना तिचा माग काढायला सांगितले होते, आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश माणसांना ते जमले. एक नाकपुडी बंद केल्यावर कामगिरी घसरली. आम्ही चॉकलेटऐवजी हिंगाच्या पाण्यात भिजवलेली सुतळी वापरली. मुले गुडघे टेकून, नाक जमिनीजवळ नेऊन पुढे सरकली. त्यांचा मार्ग सुतळीच्या डावी-उजवीकडे नागमोडी होत गेला, आणि एका नाकपुडीत कापसाचा बोळा ठेवल्यावर ही वळणे स्पष्टपणे मोठी झाली. हा प्रयोग सापाबद्दल काही सिद्ध करीत नाही, पण गंधाची कडा ओलांडल्यावर डोके आपोआप परत वळते हा अनुभव मुलांना स्वतःच्या शरीरात आला, आणि त्यानंतर चित्रणातील पाणदिवडीचे डोके का वळते याबद्दल त्यांचे प्रश्न अधिक नेमके झाले.

३० ऑगस्ट २०२५

आखाड्यावरची धामण अखेर नीट पाहता आली. पावसाने बाहेर चिखल असला तरी गोठ्याच्या छपराखाली कोरडा फुफाटा आहे आणि त्यावर उंदरांच्या पायांच्या खुणा व शेपटीची रेघ स्वच्छ उमटते. आम्ही येथे राख किंवा पीठ पसरले नाही, कारण त्यामुळे मागाचा मूळ गंध झाकला जाण्याची शक्यता होती.

उंदीर भिंतीच्या कडेने ठराविक वाटेनेच जातो, वाटेवर मूत्राचे थेंब व अंगाचा तेलकटपणा सोडत जातो, आणि ही वाट रोजच्या वापराने गंधाने भरून जाते. धामण गंजीखालून निघाली ती थेट भिंतीच्या कडेला आली. तेथून पुढे तिची जीभ जवळजवळ सतत टेकत होती. पत्र्याच्या खोलीच्या दाराखालच्या फटीपाशी ती थांबली, फटीत जीभ घातली, मागे घेतली, पुन्हा घातली, आणि आत गेली. मामांनी दार उघडले नाही, आम्हीही पुढे गेलो नाही. बऱ्याच वेळाने ती दुसऱ्या बाजूच्या बिळातून बाहेर पडली तेव्हा तिचे पोट मध्यावर फुगलेले होते.

मामा म्हणाले, "सर, ही काय माणसाच्या वासावर येत नाही म्हणा की." त्यांच्या या वाक्यात आमच्या प्रकल्पाचा गावासाठी असलेला उपयोग सामावलेला आहे. घरात साप शिरला की फिनाईल शिंपडण्याची, रॉकेल टाकण्याची, लसूण ठेवण्याची पद्धत सर्वत्र आहे. तीव्र वासाने साप हमखास दूर राहतो असे मानण्यास आधार नाही, आणि नॅप्थलीन व गंधक यांच्या तयार मिश्रणांवर अमेरिकेत झालेल्या चाचण्यांतही त्यांचा भरवसा धरावा असा परिणाम दिसून आला नाही. सापाला दारापर्यंत आणणारा माग उंदराने आखलेला असतो. तो माग तोडायचा तर धान्य घट्ट झाकणाच्या कोठीत ठेवावे लागेल, सांडलेले दाणे झाडून काढावे लागतील, दाराखालची फट बुजवावी लागेल आणि कडब्याची गंजी राहत्या घरापासून दूर रचावी लागेल. मामांनी स्वतःहून फटीचा विषय काढला, परंतु धामण उंदीर खाते म्हणून ती फट सध्या तशीच ठेवायचे त्यांनी ठरवले, कारण ती खोली राहत्या घरापासून लांब आहे. हा निर्णय मला विचारपूर्वक घेतलेला वाटतो.

२६ सप्टेंबर २०२५

अतिवृष्टीमुळे क्षेत्रातील काम बंद आहे. मराठवाड्यात ठिकठिकाणी शेतात पाणी उभे आहे, बिळे बुडाल्याने साप उंचवट्यावर, घरांच्या जोत्यावर आणि गोठ्यांत येत आहेत आणि सर्पमित्रांना सतत बोलावणी येत आहेत. विद्यार्थ्यांना निरीक्षणासाठी बाहेर पडण्यास मनाई केली आहे. पावसाने जमिनीवरचे गंधमाग धुऊन जातात, तेव्हा पाणी ओसरल्यावर उंदीर आणि धामण आपल्या वाटा पुन्हा त्याच भिंतीच्या कडेने आखतात का, हे पाहण्याची संधी मिळेल.

१८ ऑक्टोबर २०२५

सोयाबीनची काढणी आणि रचलेल्या ढिगांची मळणी सुरू आहे. याच दिवसांत घोणस ढिगाखाली आढळतो, म्हणून विषारी सापांच्या गंधज्ञानावरचा भाग आता लिहिणे योग्य ठरेल. घोणसाचे निरीक्षण आम्ही केलेले नाही आणि करणारही नाही. पुढील माहिती प्रकाशित अभ्यासांवर आधारलेली आहे आणि ती मुख्यतः अमेरिकेतील खुळखुळ्या सापांची आहे.

दबा धरून बसणाऱ्या सापाला जागा निवडतानाही गंध उपयोगी पडतो. टिंबर जातीचे खुळखुळे साप भक्ष्याच्या रासायनिक खुणा असलेली जागा दबा धरण्यासाठी निवडतात, असे रूलन क्लार्क यांनी २००४ मध्ये दाखवले. मोठा उंदीर उलटून चावू शकतो, म्हणून हे साप दंश करून उंदराला बहुधा लगेच सोडून देतात. उंदीर काही अंतर पळून जाऊन मरतो, आणि साप त्याचा माग काढत जातो. दंशानंतर जीभ बाहेर काढण्याचे प्रमाण एकदम वाढते आणि ते तासाहूनही अधिक काळ वाढलेलेच राहते. डेव्हिड चिझर यांनी या वर्तनाचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्या जागेत दुसऱ्या उंदरांचेही माग असतात, तरी साप दंश केलेल्याच उंदराचा माग निवडतो. २०१३ मध्ये सॅव्हिओला, चिझर आणि सहकाऱ्यांनी याचे रासायनिक कारण शोधले. पश्चिमी डायमंडबॅक या खुळखुळ्या सापाच्या विषातील डिसइंटेग्रिन वर्गातील लहान प्रथिनांमुळे दंश झालेल्या उंदराचा गंध सापाला वेगळा ओळखता येतो. विषाचे काम भक्ष्य मारणे आणि पचनाला मदत करणे इतकेच नसून, भक्ष्यावर ओळखीची खूण उमटवणे हाही त्याचा एक भाग असू शकतो, ही कल्पना विद्यार्थ्यांना सर्वाधिक भावली. घोणसाच्या विषातही या वर्गातील प्रथिने आढळतात, परंतु तेवढ्यावरून घोणसही त्यांचा असाच उपयोग करतो असे आमच्या अहवालात लिहिता येणार नाही.

भक्ष्यही काही वेळा या रासायनिक ज्ञानाचा उलटा वापर करते. कॅलिफोर्नियातील काही जमिनीवरच्या खारी खुळखुळ्या सापाची टाकलेली कात चावून तो गंध आपल्या अंगाला माखतात.

या नोंदीच्या निमित्ताने एक पत्रक तयार करून आज शेतांवर वाटले. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावल्याचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००, आणि त्यांत शेतात राबणारी माणसे फार मोठ्या संख्येने आहेत. सोयाबीनचा ढीग हाताने न उचलता आधी लांब काठीने हलवावा, अंधारात विजेरी व बूट वापरावेत, आणि दंश झाल्यास मंत्रतंत्रात किंवा जखम कापण्यात वेळ न घालवता प्रतिविष उपलब्ध असलेले शासकीय रुग्णालय गाठावे, एवढेच त्यात लिहिले आहे.

८ नोव्हेंबर २०२५

पाणी ओसरल्यानंतर आखाड्यावरची निरीक्षणे पुन्हा सुरू झाली. छपराखालच्या फुफाट्यात उंदरांची वाट जुन्याच भिंतीच्या कडेने पुन्हा उमटली आहे. धामणही दिसली, मात्र ती आता गंजीऐवजी बांधाकडून येते.

साप ही ओळख शिकतो की जन्मतःच घेऊन येतो, हा प्रश्न शेवटच्या चर्चेत आला. गॉर्डन बर्गहार्ट यांनी १९६० च्या दशकात नुकत्याच जन्मलेल्या, कधीही काही न खाल्लेल्या पिलांपुढे वेगवेगळ्या प्राण्यांच्या अर्कात भिजवलेले कापसाचे बोळे धरले. प्रत्येक जातीच्या पिलांनी आपल्या जातीच्या नैसर्गिक आहाराशी जुळणाऱ्या अर्काला अधिक प्रतिसाद दिला, कधी कधी बोळ्यावर हल्लाही केला. स्टीव्हन आर्नल्ड यांनी पुढे एकाच जातीच्या दोन वस्त्यांची तुलना केली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील साप तेथे मुबलक असलेल्या बिनशंखी गोगलगाई खातात, आतल्या कोरड्या प्रदेशातील बहुतेक साप त्या नाकारतात, आणि हा फरक अननुभवी पिलांतही दिसून येतो, म्हणजे तो बऱ्याच अंशी आनुवंशिक आहे. आंधळा वाळा साप वारुळातील मुंग्या-वाळवीवर जगतो. त्याच्या अमेरिकेतील एका नातलगाने लष्करी मुंग्यांच्या गंधमागाचा अचूक पाठलाग केल्याचे १९६७ मध्ये नोंदवले गेले.

पुढील हंगामासाठी आमचा प्रश्न आता असा ठरला आहे. शेततळ्याच्या फाटलेल्या कोपऱ्यात बेडूक अधिक आहेत आणि समोरच्या काठाला मासे अधिक आहेत. एकच पाणदिवड या दोन्ही जागी गेल्यावर टेकणे आणि हेलकावा यांचे प्रमाण बदलते का, हे नोंदवायचे. वाऱ्याची दिशा, पाण्याचे तापमान आणि ऊन-सावली यांचे स्तंभ नोंदवहीत आधीच आखले आहेत. एकाच चित्रणाची नोंद दोन विद्यार्थी एकमेकांना न दाखवता घेतील आणि ती जुळली तरच ग्राह्य धरली जाईल. तिपाई ठेवण्यासाठी काठापासून दूर सिमेंटचे दोन ओटे बांधून देण्याचे मामांनी मान्य केले आहे, ते काम तळ्यातील पाणी उतरल्यावर उन्हाळ्यात होईल.